गल्लीतला पिच्चर महोत्सव : दरवर्षी तेच तेच विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की फोन सुरू होतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच. कधी आहे, तिकीट किती, मराठी का कन्नड, माझ्या भाच्यानं एक शॉर्ट फिल्म केलीय ती घ्याल का. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. वाचून झाल्यावरही फोन करणारच आहात, माहीत आहे, करा.

हे नक्की आहे काय?

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत संक्रांत झाल्यावरच्या शनिवार-रविवारी पडदा बांधतो आणि दोन रात्री पिच्चर दाखवतो. कुठले? तर जे आपल्याकडं थिएटरला लागतच नाहीत, किंवा लागले तर सकाळच्या एकाच शोला लागतात आणि आपल्याला कळेपर्यंत उतरलेले असतात, ते. मराठी, कन्नड, कोंकणी. रोज एक मोठा, त्याच्या आधी दोन-तीन शॉर्ट फिल्म. रेड कार्पेट नाही, जमखाना आहे.

किती वाजता सुरू होतं? सात म्हणजे आठ ना?

नाही, सात म्हणजे सातच. जानेवारीत साडेसहा-पावणेसातला चांगला अंधार पडतो, त्याच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला देशभर बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. म्हणजे आमच्या हातात बरोबर तीन तास. पहिल्या वर्षी एका काकांच्या सत्कारात वीस मिनिटं गेली आणि शेवटी दहा वाजता आवाज बंद करून शेवटचा सीन लोकांनी नुसत्या सबटायटलवर बघितला. तेव्हापासून सत्कार बंद. भाषणंही बंद. नगरसेवक आले तरी जमखान्यावर बसतात आणि पिच्चर बघतात, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही बरंच वाटतं.

तिकीट?

फुकट. मध्ये एकदा डबा फिरतो, त्यात वाटेल ते टाका. प्रोजेक्टरचं भाडं आणि स्पीकरवाल्याचे पैसे त्यातूनच जातात, कमी पडलं की गणपतीच्या शिलकीतून.

यायचं कसं?

सेंट्रल बस स्टँडवरून रिक्षा केलीत तर शनिवार खूट, मग कपिलेश्वर ब्रिज उतरून शहापूर. नाथ पै सर्कलला आलात की कुणालाही विचारा. बाहेरगावच्यांना खूट म्हणजे काय ते कळत नाही, चौक हो. खानापूरवाल्यांना बस आहेत, पण दहानंतर परतीचं आधीच बघून ठेवा. चंदगडहून येणाऱ्या मावश्यांचा एक नेहमीचा घोळ सांगतो. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये बायकांना २०२३ पासून तिकीट लागत नाही, पण ते कर्नाटकातल्या रहिवाशांना, आणि महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. त्यामुळं एकाच बाकावर बसलेल्या दोन सख्ख्या बहिणींचे तिकिटाचे हिशेब वेगळे होतात. यावर कुणीतरी शॉर्ट फिल्म करा खरं तर, आम्ही डोळे झाकून घेऊ.

हा मराठी महोत्सव आहे का कन्नड?

हा प्रश्न दोन्हीकडून येतो आणि दोन्हीकडच्यांना वाटतं आम्ही समोरच्या बाजूचे. उत्तर असं की गल्ली मराठी बोलते, मागाच्या शेडमध्ये दोन्ही चालतं, बाजारात जी समोरच्याला येईल ती. आमच्या घरी आजी मराठीत भांडायची आणि आकडे कन्नडमध्ये मोजायची. मग पडद्यानंच का एक भाषा धरून बसायचं?

आणि जुनं बघायला गेलं तर इथं हे कधीच वेगळं नव्हतं. मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पहिला कन्नड बोलपट १९३४ चा, 'सती सुलोचना', तो शूट झाला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. का, तर स्टुडिओ तिथं होता, माणसं तिथं होती. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवून कंपनी काढली होती, तिथनंच शिकून बाहेर पडलेल्यांनी १९२९ ला प्रभात काढली, असं सगळं एकशेदहा किलोमीटरवर चाललेलं. आणि हे शहापूर तरी कुठलं, सांगली संस्थानातलं. तेव्हा रेषा वेगळ्याच होत्या.

१९५६ चा, बेळगाव कर्नाटकात गेल्याचा, विषय आम्हाला माहीत नाही असं नाही. आमच्या घरातली माणसं त्या मोर्चांत गेलेली आहेत. त्यावर कुणी चांगला पिच्चर केला तर तोही लावू, पण पिच्चर चांगला पाहिजे, नुसती घोषणा नको. बॅनरचं म्हणाल तर दोन्ही भाषेत असतो, कन्नड वर आणि मोठ्या अक्षरात, कारण पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम २०२४ पासून आहे आणि बॅनर छापणाऱ्यालाच तो पाठ आहे, आपण सांगायलाच लागत नाही. खाली मराठी. एकदा मराठी ओळीत 'चित्रपट' चं 'चित्रपाट' छापून आलं आणि त्यावर कुणी भांडलं नाही, सगळे हसले, तेवढंच.

मला कन्नड येत नाही / नमगे मराठी बरल्ल, मग कसं कळणार?

सबटायटल असतात. मराठी पिच्चरला कन्नड, कन्नडला मराठी, कोंकणीला दोन्ही (दोन ओळी होतात, जरा गर्दी होते, चालवून घ्या). यातल्या बऱ्याच आम्हीच करतो, म्हणजे गल्लीतली दोन कॉलेजची पोरं आणि एक रिटायर्ड शिक्षिका, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. अक्कांचा एकच नियम, शब्दाला शब्द नको, बोलणारा बेळगावात असता तर काय म्हणाला असता ते लिहायचं. म्हणून आमच्या सबटायटलमध्ये कन्नड पिच्चरमधला मंड्याचा म्हातारा 'काय करुलास गा' म्हणतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला ते खटकलं होतं. गल्लीला नाही.

स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय? हिरो कोण असतो?

मोठ्या बॅनरचा पैसा नाही, म्हणून कुणाचं ऐकायचं कारण नाही, असा सिनेमा. ढोबळ व्याख्या आहे, पण गल्लीला पुरते. हिरो बऱ्याचदा नसतोच. 'तिथी' नावाचा कन्नड पिच्चर आहे, २०१५ चा, मंड्याकडच्या एका खेड्यातला, त्यात जवळजवळ सगळी तिथलीच माणसं, आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. एकशेएक वर्षांचा म्हातारा मरतो आणि त्याच्या अकराव्यापर्यंत घरात काय काय चालतं, एवढीच गोष्ट. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवात बक्षीस मिळालं त्याला. मराठीत 'श्वास' आठवत असेल, आजोबा आणि नातू. २००४ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करला गेला, आणि तिकडं जायच्या खर्चाला लोकांनी, शाळेतल्या पोरांनीसुद्धा, पैसे गोळा करून दिले होते. म्हणजे डबा फिरवायची पद्धत आमची नवीन नाही. कोंकणीत 'पलतडचो मनीस', २००९ चा, घाटातल्या जंगलात एकटा राहणाऱ्या फॉरेस्ट गार्डचा. आपण चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना जे जंगल बघतो तसलंच.

असले पिच्चर स्लो असतात ना पण?

असतात काही. पहिल्या वर्षी मलाही धाकधूक होती, की लोक वीस मिनिटांत उठतील, कारण एका सीनमध्ये दोन मिनिटं एक बाई नुसती भाकऱ्या थापते. कोण उठलं नाही. उलट मागनं एक मावशी म्हणाल्या, 'पीठ कमी मळलंय, मोडणार बघ ती,' आणि मोडली. म्हणजे पडद्यावर खरंच मोडली. त्यानंतर सगळी गल्ली त्या बाईच्या हाताकडं बघत बसली. मी फिल्म सोसायट्यांतही बसलोय, तिथं सगळे गप्प असतात आणि कोण झोपलंय ते कळत नाही. आमच्याकडं जागे असतात, बोलतात, चूक काढतात. शेतकऱ्याच्या पिच्चरमध्ये बैल उलट्या बाजूला जुंपला तर इथं लगेच सापडतो. ज्यांना शांततेत बघायचंय त्यांनी उजव्या बाजूला भिंतीकडं बसावं, तिथं बोलणारे कमी असतात, हमी नाही.

लहान मुलांना आणू का?

आणा. शनिवारचं सगळं घरच्यांसोबत बघण्यासारखं असतं. रविवारचं आधी बोर्डावर लिहितो, यू, की यूए सात, तेरा, सोळा (सेन्सॉरच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे असे तीन भाग झालेत). पोरांनी पडद्यामागं जाऊन सावल्या पाडायच्या नाहीत. हे पोरांना नाही, त्यांच्या बापांना सांगतोय.

माझी शॉर्ट फिल्म पाठवायचीय, काय काय लागतं?

हे नीट वाचा, निम्म्या फिल्म पिच्चर वाईट म्हणून नाही तर फाईल चालत नाही म्हणून मागं पडतात.

लांबी पंचवीस मिनिटांच्या आत. भाषा कुठलीही, पण फिल्म या भागातली पाहिजे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड, गडहिंग्लज, कारवारकडची पण चालेल, किंवा करणारा इकडचा. मोबाईलवर शूट केलेली चालते, यंदा घेतलेल्यांपैकी सगळ्यात चांगली मोबाईलवरचीच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, मोबाईल फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं ते) स्थिर ठेवत नाही, कमीजास्त करतो, आणि मग एडिटमध्ये दहा मिनिटांनी ओठ पुढं आणि आवाज मागं. शूट करतानाच चांगल्या कॅमेरा ॲपमध्ये फ्रेम रेट लॉक करा, चोवीस किंवा पंचवीस. आवाज वेगळ्या माईकवर घ्या, साधा कॉलरचा चालतो. पडद्यावर चित्र थोडं धुरकट दिसलं तर लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही की पाच मिनिटांत चिरमुऱ्याच्या गाड्याकडं जातात.

डीसीपी (थिएटरात चालते ती फाईल) नको, आमच्याकडं ते चालवायचं यंत्र नाही. साधी एमपी फोर फाईल, फुल एचडी, पेन ड्राईव्हवर. आणि पेन ड्राईव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट थर्टीटू वर चार जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही, मग लोक तिचे दोन तुकडे करून पाठवतात आणि मध्येच काळा पडदा. सबटायटल वेगळ्या फाईलमध्ये नको, चित्रातच भाजून द्या. वेगळी दिली की आमच्या लॅपटॉपवर जोडाक्षरं फुटतात, 'प्रेम' चं 'प् रेम' होतं. पांढरी अक्षरं द्या पण काळी किनार ठेवून, कारण पांढऱ्या धोतरावर पांढरी अक्षरं येतातच, आपल्याकडच्या फिल्ममध्ये धोतर असतंयच.

शेवटची तारीख ऑक्टोबरअखेर. एवढी लवकर का, तर सार्वजनिक ठिकाणी दाखवायच्या कुठल्याही फिल्मला, शॉर्ट असली तरी, १९५२ च्या कायद्यानं सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, आणि महोत्सवासाठी त्यातून सूट पाहिजे तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं यादी घेऊन अर्ज करावा लागतो. डिसेंबरात 'तेवढी एक घ्या ना' म्हणून आलात तर आम्हाला काहीच करता येत नाही, भाचा असला तरी.

निवडतं कोण? ओळख लागते का?

पाच जण. वरच्या अक्का, एक टेलर, एक माग चालवणारे अण्णा, एक इंजिनिअरिंगची पोरगी आणि मी. मी प्रोजेक्टर चालवतो म्हणून मला मत आहे, नाहीतर दिलं नसतं. टेलरमामा सगळ्यात कडक. ओळख उलटी पडते, गेल्या वर्षी माझ्याच मावसभावाची फिल्म पहिल्या फेरीत गेली आणि दिवाळीला त्याच्याकडचा फराळ आला नाही.

बक्षीस काय?

एक किलो कुंदा. रोख नाही. शिवाय फिल्म संपल्यावर करणाऱ्यानं पडद्यासमोर उभं राहायचं आणि लोक विचारतील त्याची उत्तरं द्यायची, याला काही जण शिक्षा म्हणतात.

यूट्यूबवरून डाउनलोड करून लावता का?

नाही. यूट्यूबवर आहे म्हणजे गल्लीत लावायची परवानगी आहे असं होत नाही. आम्ही दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला सरळ ईमेल टाकतो, आम्ही कोण, किती लोक, तिकीट नाही, डबा फिरतो, हेही लिहितो. स्वतंत्र सिनेमावाल्यांचं एक चांगलं आहे, माणूस स्वतः उत्तर देतो. बरेच जण फुकट देतात, एक-दोघांनी थोडी फी घेतली, ती द्यायला पाहिजेच. फार जुने असतील तर सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षांनी संपतो, पण त्यातली गाणी वेगळी, गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणून जुनं आहे म्हणजे मोकळंच आहे असं समजू नका, विचारा. पुण्याचं चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, जुन्या प्रिंटबद्दल विचारायला जागा तीच.

आमच्या गल्लीत पण करायचंय, पडदा-प्रोजेक्टरचं कसं जमवता?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरहून लोक आलेत विचारायला.

पडदा आम्ही विकत घेतला नाही. मागवाल्यांची गल्ली, कापड घरचंच. पांढरं जाड सुती, तीन पन्हे जोडून बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच, म्हणजे सोळा बाय नऊचं माप बरोबर बसतं. पहिल्यांदा पन्हे उभे जोडले आणि शिवण नेमकी नायिकेच्या नाकावर. आता आडवे जोडतो. मागच्या बाजूला काळं अस्तर लावा, नाहीतर पलीकडच्या घरातला दिवा आरपार दिसतो. पडदा जमिनीपासून पाच फूट वर पाहिजे, कारण सबटायटल खाली असतात आणि पुढच्यांची डोकी पण. हे पाच फूट विसरलात तर निम्म्या लोकांना निम्मा पिच्चर कळणार नाही.

वारा हा खरा दुश्मन. संक्रांतीच्या आसपास संध्याकाळी वारं सुटतं, आणि बारा फुटी कापड म्हणजे शीडच. आमचा पहिला पडदा दोन बांबूंसकट पुढच्या रांगेवर आला, कुणाला लागलं नाही, नशीब. आता लोखंडी चौकट, आणि दोरीनं घट्ट न बांधता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, प्रत्येक फुटाला एक. वारा आला की पडदा थोडा श्वास घेतो आणि परत जागेवर येतो.

प्रोजेक्टर भाड्यानं. चारपाच हजार ल्युमेन उजेडाचा सांगा. पूर्ण अंधारात एवढ्या पडद्याला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं, पण गल्लीत पूर्ण अंधार कुठला, रस्त्यावरचा दिवा आहे, दोन देवघरं आहेत, मोबाईल आहेत. साधारण पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर ठेवावा लागतो, आमचा अठरा फुटांवर येतो, म्हणजे बरोबर एका घराच्या कट्ट्यावर, आणि त्या घरच्या आज्जी दोन दिवस कट्टा देतात आणि बदल्यात प्रोजेक्टरशेजारची खुर्ची घेतात. स्पीकर दोनच, पण पडद्याच्या दोन्ही बाजूंना आणि माणसांच्या डोक्याच्या थोडे वर, मागच्या रांगेकडं वाकवून. आवाज वाढवून प्रश्न सुटत नाही, पुढच्यांचे कान जातात आणि मागच्यांना कळत नाही ते नाहीच.

आणि माग. शनिवारी संध्याकाळी शेड चालू असतात, त्यांची खटखट चालू असताना हळू बोललेला एक शब्द ऐकू येत नाही. मालकांशी बोलून सातला बंद करून घेतो. त्या पहिल्या संध्याकाळी सगळे माग एकदम थांबले तेव्हा जी शांतता पडली ती गल्लीतल्या कित्येक पोरांनी पहिल्यांदाच ऐकली असेल. रात्रपाळीचे कामगारच मग पुढं येऊन बसतात.

परवानग्या किती?

लाऊडस्पीकरला पोलीस, रस्ता अडवायला पोलीस आणि कार्पोरेशन, तात्पुरत्या कनेक्शनला हेस्कॉम, म्हणजे वीज कंपनी. गणपतीचं मंडळ असेल तर हे सगळं कुणाला तरी पाठ असतंच, त्याला धरा. एक महिना आधी अर्ज द्या, पोचपावती घ्या, आणि यादीवर प्रत्येक पिच्चरचं नाव, भाषा आणि सर्टिफिकेट नंबर लिहा, मग प्रश्न कमी येतात. एका ऑफिसात आम्हाला विचारलं होतं की ऑर्केस्ट्रा आहे का. नाही म्हटल्यावर साहेबच जरा नाराज झाले.

लाईट गेली तर?

गेली तर गेली, जनरेटर आहे, दोन मिनिटं लागतात. प्रोजेक्टरला वेगळा यूपीएस आहे, कारण दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज एकदम गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा जातो, आणि तो दिवा भाड्यापेक्षा महाग. पाऊस जानेवारीत सहसा नाही. हा महोत्सव जूनमध्ये का नाही विचारणारे बेळगावचे नसतात.

काय आणू? खायला काय?

स्वेटर, शाल, कानटोपी. साडेआठनंतर थंडी बोचते आणि दव पडतं, जमखाना ओलसर होतो, खाली घालायला एक चादर आणा. वयस्करांना खुर्च्या आहेत, मागच्या बाजूला. खायला चिरमुरे, मिरची भजी, चहा. चुरचुर आवाज करणाऱ्या पिशव्या नकोत, कागदातच बांधून देतात. पिच्चर चालू असताना भजी तळणं बंद, हे गाडेवाल्यानंच ठरवलं, त्यालाही बघायचं असतं.

गेल्या वर्षी माझं काहीतरी राहिलं तिथं.

एक स्टीलचा तीन पुडाचा डबा, झाकणावर 'सौ.' एवढंच कोरलेलं, पुढचं नाव घासून गेलंय. एक लेडीज चप्पल, डावी. एक सोलापुरी चादर. एक चष्मा, बहुतेक वाचायचा. सगळं कट्टेवाल्या आज्जींकडं आहे. डब्यात त्यांनी सध्या लोणचं भरलंय, तेव्हा नेणाऱ्यानं आधी सांगून यावं.